रुसणारी निळी गाडी

शनिवारी सकाळी नर्सबाई जिना चढून आल्या, तेव्हा जावईबापू खुर्चीत बसून धापा टाकत होते. नुकतीच त्यांनी स्वतःची गाडी कोपऱ्यापासून दारापर्यंत ढकलत आणली होती.

ही गाडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी स्वतः पारखून घेतली होती. टायर दणकट आहेत, एवढ्या एका कारणावरून. टायर अजूनही दणकट होते. बाकीच्या गाडीचा विषय घरात जेवताना कुणी काढत नसे.

दारावर पाटी होती : 'खासगी तपास. आधी चहा, मग चौकशी.' पाटी सासूबाईंची आणि संस्थाही सासूबाईंचीच. तीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातांचे दावे तपासून त्या निवृत्त झाल्या आणि पंधरा दिवसांत घरी बसून कंटाळल्या. मग लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या घेऊन त्यांनी हे दुकान थाटलं. जावईबापू फायली लावत, फोन घेत आणि अंदाज बांधत. अंदाज बहुधा चुकत. "चुकीचं उत्तर लवकर संपलं की बरोबर उत्तराला जागा होते," असं सासूबाई म्हणत. जावईबापूंना ती स्तुती वाटे.

"मला चोर पकडून नकोय," नर्सबाई चहाचा कप हातात धरून म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, गाडी खोटं बोलतेय की माणसं?"

सासूबाईंचे डोळे चमकले. "बसा नीट. पहिल्यापासून सांगा."

नर्सबाईंना नवी नोकरी लागली होती. गावोगाव फिरून आजाऱ्यांच्या घरी जायचं, जखमा बांधायच्या, बाळंतिणींना बघायचं. मनासारखं काम, पण एक अट होती. सोमवारी सकाळी आठ वाजता स्वतःची गाडी घेऊन हजर व्हायचं. गाडी नसेल तर यादीतल्या दुसऱ्या बाईला बोलावणार. जमवलेल्या पैशांत नवी गाडी स्वप्नातसुद्धा बसत नव्हती, म्हणून त्या जुन्या गाड्यांच्या आवारात गेल्या. तिथे एक छोटी निळी गाडी होती. अठरा वर्षांची, पण किंमत नेमकी आवाक्यातली.

"बुधवारी मी एकटी गेले. पहिल्या फटक्यात सुरू झाली. फेरी मारून आणली, कुठे खुट्ट नाही. गुरुवारी ह्यांना दाखवायला नेलं, तर क्षणभर सुरू झाली आणि बंद! परत सुरू होईना. संध्याकाळी मालकांचा फोन आला, आता व्यवस्थित चालतेय. शुक्रवारी परत गेलो. परत तेच! मालक म्हणतात, ती निळी सोडा, त्याच किमतीत पांढरी देतो. पांढरी अगदी चकाचक आहे हो. पण आमच्या हातात एवढेच पैसे. एकदा चुकलं की दुसरी गाडी नाही, नोकरीही नाही."

"गुरुवारी तुमच्या यजमानांनी गाडी कशी बघितली? काय काय केलं, क्रमाने सांगा."

"काय करणार? भोवती चक्कर मारली, टायरला लाथ मारली, आत बसले, किल्ली फिरवली."

"लाथ?"

"शाळेत फुटबॉल शिकवतात ते," नर्सबाई किंचित लाजून म्हणाल्या. "पाय जरा सैल आहे."

"टायर बघायची तीच पद्धत आहे," जावईबापू जाणकारीने म्हणाले. "मी तर नेहमी—"

"ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुमची गाडी तुम्ही आत्ताच ढकलत आणलीत. चला, निघू या."

ते नर्सबाईंबरोबर बसने गेले.

आवाराच्या एका बाजूला फरशी कापायचा कारखाना होता. तिथला पांढरा भुगा उडून सगळ्या गाड्यांवर बसत होता. सकाळी धुतलेली गाडी दहा वाजेपर्यंत पिठात लोळवल्यासारखी दिसे. मधोमध पत्र्याचं ऑफिस होतं आणि त्याच्या बाहेर बाकावर एक म्हातारे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून भिंतीवरचं मोठं घड्याळ उघडून बसले होते.

"आमचे घड्याळकाका," गाडीशेठ म्हणाले. आवाराचे हे मालक गोल, हसतमुख आणि सतत घाम पुसणारे होते. "बाजारात दुकान होतं म्हणे त्यांचं. ऑफिसचं घड्याळ फुकट दुरुस्त करून देतायत. देवमाणूस!"

घड्याळकाकांनी आवाजाच्या दिशेने मान हलवली आणि परत चिमटा हातात घेतला.

"निळीपासून सुरुवात करू," सासूबाई म्हणाल्या.

निळी बाकाला लागूनच उभी होती. मिस्त्री आला. उंच आणि अबोल, हात कोपरापर्यंत काळे. त्याने निळीत बसून किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली आणि मांजरीसारखी गुरगुरत राहिली. सासूबाईंनी कान देऊन ऐकलं. धूर बघितला, धूर नव्हताच. खाली वाकून जमीन बघितली, तेलाचा थेंब नव्हता.

जावईबापू आत डोकावले. डॅशबोर्डवर एक छोटं काट्यांचं घड्याळ होतं. "आई, बघा, अठरा वर्षांची गाडी आणि घड्याळ अगदी मिनिटाला बरोबर! माझंच दोन मिनिटं मागे आहे." त्यांनी मनगटावरचं घड्याळ लावून घेतलं.

"छान," सासूबाई म्हणाल्या. "बंद करा गाडी."

मिस्त्रीने गाडी बंद केली. जावईबापूंनी कंबरेवर हात ठेवले, बूट मागे नेला आणि पुढच्या टायरला अशी सणसणीत लाथ हाणली की आवार दणाणलं.

"दणकट आहेत," ते म्हणाले.

"आता पांढरी," सासूबाई म्हणाल्या.

पांढरी आवाराच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. नर्सबाईही मागोमाग आल्या. शेठची जीभ आता सुसाट सुटली. "एकाच मालकाने वापरलेली. फक्त तीस हजार किलोमीटर! मालकीणबाई आठवड्यातून एकदा देवळात नेत—"

"किल्ली?" सासूबाईंनी विचारलं. मिस्त्री किल्ली आणायला ऑफिसात गेला आणि बऱ्याच वेळाने आला. शेठ मात्र जागचे हलले नाहीत.

"पेडल तर नवीकोरी आहेत!" जावईबापू खूश झाले.

"पेडलवरचं रबर नवीन आहे," सासूबाई म्हणाल्या. "स्टिअरिंगला हात लावा."

स्टिअरिंग टकलासारखं गुळगुळीत झालं होतं. ड्रायव्हरची सीट एका बाजूला दबलेली होती.

"तीस हजारांत रबर झिजत नाही, मग बदललं कशाला? आणि तीस हजारांत स्टिअरिंग असं चोपडं होतं?" त्यांनी सीटबेल्ट धरून ओढायला सुरुवात केली, आणि तो शेवटपर्यंत ओढला. आत गुंडाळलेल्या टोकाला एक तपकिरी आडवी रेघ होती, वाळलेल्या गाळाची. "शेठ, गाडी धुणारे बाहेर आलेला पट्टा धुतात. आत लपलेला विसरतात. ही पुरात बुडाली होती. सीटच्याही वरपर्यंत."

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. रुमाल हातातून खाली पडला. "लिलावात घेतली हो मी. मलाही नंतर कळलं..."

"आणि कळल्यावर या बाईंना देत होता," सासूबाई म्हणाल्या.

शेठ रुमाल उचलायला वाकले. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मी कालच हो म्हटलं असतं तर..."

"नाही म्हटलंत, ते महत्त्वाचं. चला, परत निळीकडे."

सगळे निळीकडे परत आले. मिस्त्रीने किल्ली फिरवली. गाडीने क्षणभर जीव धरला आणि बंद पडली. दुसऱ्यांदा फिरवली. इंजिन नुसतंच घरघरत राहिलं. दिवे लख्ख, भोंगा खणखणीत, पण गाडी ढिम्म.

"बघितलंत?" नर्सबाई म्हणाल्या. "आत्ता वीस मिनिटांपूर्वी..."

जावईबापूंनी सासूबाईंना बाजूला घेतलं. त्यांची छाती अभिमानाने फुगली होती. "आई, उलगडलं! शेठ आपल्याबरोबर होते. मिस्त्री किल्ली आणायला गेला आणि केवढ्या वेळाने आला! त्याला ही गाडी स्वतःला हवीय. बंद पाडायची, किंमत पाडायची, मग आपण घ्यायची!"

"सुरेख," सासूबाई म्हणाल्या. "त्यालाच विचारू."

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "गाडी आवडते, हो. कुणाला नाही आवडणार? इंजिन असं ठेवलंय की पोरांना शिकवायला वापरावं. पण मला किल्ली लगेच सापडली नाही, म्हणून उशीर झाला. शेठच्या टेबलावर बघा, सुई टाकली तर महिन्याने मिळेल."

"बिघाड काय वाटतो?"

"पेट्रोल पोचत नाही. पंप सोडवून बघितला, उत्तम आहे. संध्याकाळी हात न लावता चालू होते. बाई, माझी बावीस वर्षं या धंद्यात गेली, पण हिने मला वेड लावलंय."

"आणखी कुणापुढे बंद पडली?"

"मागच्या आठवड्यात एक व्यापारी आले. दार तीनदा आपटून बघितलं. बंद! एक कॉलेजातली मुलगी आली, तिने तासभर फिरवली. काही झालं नाही, पण तिचे पैसे कमी पडले. बुधवारी या ताई आल्या, तेव्हाही चालली."

"बायकांपुढे चालते!" जावईबापू म्हणाले.

"मग मी कोण?" सासूबाईंनी विचारलं.

शेठला विचारलं तेव्हा ते हात जोडूनच उभे होते. "पांढरीचं पाप माझं. पण निळीला मी बोट लावलं नाही, शपथ! ती विकली तर मला कमिशन मिळणार. नदीपलीकडच्या एक बाई बारा दिवसांपूर्वी ठेवून गेल्या. वडिलांची गाडी आहे, त्यांना आता चालवता येत नाही म्हणाल्या."

सासूबाई निळीभोवती सावकाश एक फेरी मारून आल्या. टपावर भुग्याचा थर, काचांवर थर, दारांवर थर. मागच्या चाकाच्या वर पेट्रोल भरायचं झाकण होतं. तिथे त्या थांबल्या आणि चष्मा वर करून बघू लागल्या. ते चमच्यासारखं चकचकीत होतं.

"इथे पेट्रोल कधी भरलं?"

"आली तेव्हापासून टाकी अर्धी आहे," मिस्त्री म्हणाला. "कशाला भरू?"

मग त्या बाकाजवळ गेल्या. "काका, वाजले किती?"

"दहा वाजून एकोणचाळीस," घड्याळकाका कुठेही न बघता म्हणाले.

जावईबापूंनी मनगट बघितलं. दहा एकोणचाळीस!

"हे घड्याळ बरेच दिवस चाललंय वाटतं?"

"बारा दिवस. जुनं आहे. घाई करून भागत नाही."

"आणि डोळे?"

"जवळचं दिसतं. लांबचं सगळं धुकं. कान मात्र शाबूत आहेत. पूर्वी दर मंगळवारी नदीपलीकडे नातीकडे जायचो. बस दोनदा बदलावी लागते, पाट्या वाचता येत नाहीत. तीन महिने झाले." ते परत घड्याळावर वाकले.

"बिचारे," जावईबापू परतताना म्हणाले. "एका घड्याळाला बारा दिवस. हात थकले असतील."

"जावईबापू," सासूबाई प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही आज सगळं बघितलंत. फक्त त्याचं काय करायचं ते तुम्हाला सुचलं नाही. सगळ्यांना ऑफिसात बोलवा. घड्याळकाकांनाही. आणि नर्सबाई, यजमानांना फोन करा. त्यांची गरज आहे."

अर्ध्या तासात नर्सबाईंचे यजमान, फुटबॉलचे कोच, आले. रुंद खांदे, गळ्यात शिट्टी. दारातून येतानाच त्यांची नजर निळीच्या टायरवर गेली आणि पाय आपोआप उचलला गेला.

"थांबा!" सासूबाई खिडकीतून ओरडल्या. "तेच करू नका!"

पाय हवेतच राहिला. कोच एका पायावर डुलत आत आले आणि बायकोशेजारी बसले.

पत्र्याच्या खोलीत सहा माणसं दाटीवाटीने बसली होती. सातव्या सासूबाई, त्या उभ्या होत्या.

"पहिला प्रश्न, गाडी वाईट आहे का?" त्यांनी सुरुवात केली. "नाही. वाईट गाडी कुणापुढेही बंद पडते. ही निवडून बंद पडते. मुलीपुढे नाही, नर्सबाई एकट्या असताना नाही. व्यापाऱ्याने दार आपटलं, बंद. कोचनी लाथ मारली, बंद. आज आमच्या जावईबापूंनी मारली, बंद."

जावईबापूंनी बूट खुर्चीखाली घेतले.

"म्हणजे कुणीतरी परीक्षा घेत होतं. गाडीची नव्हे, घेणाऱ्याची. आता हे करतं कोण? शेठना पांढरी खपवायची होती, पण आज निळी चालू होती तेव्हापासून बंद पडेपर्यंत ते आमच्या डोळ्यांसमोर होते. मिस्त्री मात्र मध्येच गेले होते. जावईबापूंचा संशय त्यांच्यावर."

मिस्त्रीने जावईबापूंकडे बघितलं. जावईबापूंनी छताकडे बघितलं.

"पण पेट्रोलच्या झाकणावर भुगा नाही, बाकी गाडीभर आहे. म्हणजे कुणाचा तरी हात तिथे पुनःपुन्हा जातो. आणि मिस्त्रींचे हात बघा. त्यांनी साखरेला हात लावला तरी ती काळी होईल. झाकण मात्र लख्ख. हा हात स्वच्छ आहे, आणि काम झाल्यावर पुसायची त्याला सवय आहे. मऊ कापडाने, जशी घड्याळाची काच पुसतात."

सगळ्यांच्या नजरा काकांनी टेबलावर आणून ठेवलेल्या उघड्या घड्याळाकडे गेल्या.

"अठरा वर्षांच्या गाडीतलं घड्याळ मिनिटाला बरोबर. असं कोण ठेवतं? कुणाला घड्याळ न बघता वेळ सांगता येते? निळी बारा दिवसांपूर्वी आली, ऑफिसच्या घड्याळाची दुरुस्तीही बारा दिवस चाललीय. गाडी ठेवणाऱ्या बाई नदीपलीकडच्या, वडिलांना चालवता येत नाही. आणि कुणाची तरी नात नदीपलीकडे आहे." सासूबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "काका, झाकणाच्या आत स्विच आहे ना? पंपाची वीज तोडणारा?"

घड्याळकाकांनी डोळ्याचं भिंग काढलं. बराच वेळ ते कापडाने पुसत राहिले.

"चोरांसाठी बसवला होता मीच," ते म्हणाले. "मुलीला वाटतं गाडी विकली की मी सुटेन. बरोबर आहे तिचं. विकायचीच आहे. पण अठरा वर्षं मी हिचं दार कधी आपटलं नाही हो. लांबचं दिसत नाही, पण लाथ ऐकू येते. लाथ ऐकली की मला इथे लागते." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. मग ते नर्सबाईंकडे वळले. "बुधवारी तुम्ही आलात. दार दोन्ही हातांनी लावलंत, नुसता टक् आवाज. मला वाटलं, झालं, हिला घर मिळालं. त्या संध्याकाळी मी जेवलो पोटभर. आणि गुरुवारी..."

कोच ताडकन उठले. एवढा मोठा माणूस, पण शाळेतल्या चुकार मुलासारखा लाल झाला होता. "काका, चुकलो. कानाला खडा! मी मुलांना रोज सांगतो, चेंडूखेरीज कशाला पाय लावायचा नाही. स्वतःच विसरलो. आजपासून त्या गाडीच्या टायरपासून तीन हात लांब राहीन!"

"चार," घड्याळकाका म्हणाले.

"चार!"

नर्सबाई हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "काका, सोमवारपासून मी या गाडीतून आजाऱ्यांकडे जाणार. ती चालली तर मी पोचणार. मी तिला जिवापाड जपेन. आणि ऐका ना, मंगळवारी माझी फेरी नदीपलीकडची आहे. सकाळी जाईन, संध्याकाळी येईन. मागची सीट रिकामीच असेल."

घड्याळकाकांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक जाड वही काढली, कडा झिजलेली, आणि टेबलावर ठेवली. अठरा वर्षांत गाडीला काय काय केलं ते सगळं त्यात होतं. तेल कधी बदललं, ब्रेक कधी, पट्टा कधी. प्रत्येक ओळीत तारीख, वार आणि वेळ, मिनिटासकट.

मिस्त्रीने पानं उलटली आणि तो चक्क बोलका झाला. "ताई, डोळे मिटून घ्या! अशी वही असलेली गाडी मी जन्मात पाहिली नाही."

"आणि ती पांढरी?" सासूबाईंनी शेठकडे बघितलं.

"पाटी लावतो! 'पुरात भिजलेली', मोठ्या अक्षरात. आजच!" शेठ म्हणाले. मग दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "काका, ते आमच्या ऑफिसचं घड्याळ?"

"त्याला काहीच झालेलं नाही," घड्याळकाका म्हणाले. त्यांनी एक चाक जागेवर बसवलं. घड्याळ टिकटिकू लागलं.

सोमवारी सकाळी लाँड्रीखाली दोनदा भोंगा वाजला. जावईबापू खिडकीशी धावले. निळी गाडी कडेला उभी होती आणि नर्सबाई जिना चढून वर येत होत्या. गणवेशाला कडक इस्त्री, काखेत ती वही.

"आत नाही येत, आठला हजर व्हायचंय. तुम्हाला फक्त हे दाखवायचं होतं."

सासूबाईंनी वही उघडली. घड्याळकाकांच्या बारीक अक्षरातली शेवटची ओळ शनिवारची होती : 'बारा वाजून सात मिनिटे. मालकीण बदलली. गाडी खूश.' त्याखाली ताज्या, मोठ्या अक्षरात नवी ओळ होती : 'सोमवार, सात वाजून एकवीस मिनिटे. पहिल्याच फटक्यात सुरू.'

नर्सबाई गेल्या. दार लागल्याचा नुसता टक् आवाज झाला आणि निळी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

जावईबापू खाली उतरले. आपल्या गाडीपाशी आले. सवयीने बूट मागे गेला, मग थांबला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, रस्त्यात कुणी नाही असं पाहून टपावरून हळूच हात फिरवला आणि आत बसून किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली नाही.

"आई!" त्यांनी वर बघून हाक मारली. "जरा धक्का द्यायला येता का?"

"येते," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. "पण आधी एक वही विकत आणा. आजची तारीख आणि वेळ घाला, मिनिटासकट. कुठूनतरी सुरुवात करायला हवी."